काकडीचे घरचे बी
(प्राथमिक शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



वाळूज हे नाव आज महाराष्ट्रात कोठेही उच्चारले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कारखाने, पाळीचे भोंगे आणि रस्त्याने चाललेली मालमोटारींची रांग उभी राहते. ते साहजिकच आहे. गंगापूर तालुक्यातील हे गाव छत्रपती संभाजीनगरहून अहिल्यानगर व पुण्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वसलेले आहे. १९८५ मध्ये येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि पुढे औद्योगिक वसाहत वाढत गेली. ज्या रानांत बाजरी, ज्वारी व कपाशी होत असे, त्यांतील कितीतरी रानांत आता पत्र्याच्या शेडी व भाड्याच्या खोल्या आहेत. अशा गावी काकडीच्या बियांविषयी व्याख्यान ठेवणे कोणास अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु जेथे एखादी गोष्ट नाहीशी होण्याच्या बेतात असते तेथेच तिची चौकशी आधी झाली पाहिजे. कोंभाळण्यासारख्या डोंगराळ गावात जुने बी आणखी काही वर्षे टिकेल; वाळूजसारख्या गावात मात्र त्याची मुदत एखाद्या आजीबाईच्या आयुष्याएवढीच उरलेली असते.

वाळूज आणि वाळूक या शब्दांतील साम्य मुलांच्या लक्षात आल्यावाचून राहणार नाही, आणि त्याची त्यांना मौजही वाटेल. ध्वनी जुळले म्हणजे व्युत्पत्ती जुळते असे नव्हे, हे शिक्षकाने तेथेच सांगून टाकावे. परंतु निदान वाळूक म्हणजे काय, हा प्रश्न त्या निमित्ताने वर्गात यावा. कारण त्याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. कोकणात पावसाळ्यात परसात होणारी मोठी काकडी ती तवसे. घाटावर बाजारात मिळते ती काकडी किंवा खिरा. मराठवाड्यात कपाशीच्या किंवा बाजरीच्या ओळींत आपापले वाढणारे, जाड व रसाळ फळ ते वाळूक. मात्र एका गावी ज्यास वाळूक म्हणतात ते खरोखर काकडीच्या जातीचे असते, तर दुसऱ्या गावी त्याच नावाचे फळ खरबुजाच्या कुळातले असते. लांब, वाकडी, अंगावर रेघा असलेली तर-काकडी नावाने काकडी असली तरी जातीने खरबूजच होय.

हा भेद केवळ पंडिती नाही. बियाणे धरणाऱ्यास तो माहीत असावाच लागतो. काकडी व खरबूज ही भावंडे असली तरी त्यांचे लग्न लागत नाही: काकडीच्या पेशीत गुणसूत्रांच्या सात जोड्या असतात, खरबुजाच्या पेशीत बारा. म्हणून काकडीच्या शेजारी तर-काकडी, दुधी, कारले, दोडका किंवा भोपळा लावला तरी बियांत मिसळ होत नाही. परंतु दोन निरनिराळ्या काकड्या शेजारी आल्या की मधमाशी त्यांचे परागकण एकमेकींत वाटून टाकते. ओळख पटविण्यास पान व कोवळे फळ पाहावे. काकडीचे पान कोनदार व टोकाशी अणकुचीदार असते, खरबुजाचे पान गोलसर असते. काकडीच्या कोवळ्या फळावर बारीक उंचवटे व त्यांवर काटे असतात. खरबुजाच्या कोवळ्या फळावर मऊ लव असते. आणखी एक खूण फार जुनी आहे. ऋग्वेदातील त्र्यंबकाच्या मंत्रात, पिकले म्हणजे देठापासून आपोआप सुटणाऱ्या उर्वारुकाची उपमा आलेली आहे. उर्वारुक या शब्दाचा अर्थ पुष्कळ ठिकाणी काकडी असा देतात. परंतु पिकल्यावर देठापासून सुटून पडणे हा गुण खरबुजाच्या कुळाचा आहे. काकडी पिवळी पडून सालीला भेगा गेल्या तरी वेलीस धरून राहते. मंत्राचा अर्थ लावणाऱ्यांनी रानात जाऊन एकदा दोन्ही फळे पाहिली असती तर बरे झाले असते.

काकडी ही मूळची भारताचीच. हिमालयाच्या पायथ्याशी तिची रानटी जात आजही सापडते. तिची फळे लहान व कडू जहर असतात. तेथून माणसाने निवडीत निवडीत आणलेल्या काकडीचे जे शेकडो प्रकार देशभर झाले, ते कोणत्याही प्रयोगशाळेत झाले नाहीत. कोणी कमी कडू फळाचे बी ठेवले, कोणी पावसात न सडणाऱ्या वेलीचे ठेवले, कोणी जाड सालीचे ठेवले, कारण बाजार दूर होता आणि फळ टोपलीत दोन दिवस टिकावयास हवे होते. अशा निवडीची किंमत काय असते, याचे एक उदाहरण शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. काकडीच्या पानांवर केवडा नावाचा रोग पडतो. पानांवर पिवळे कोनदार ठिपके पडून वेल पाहता पाहता वाळून जातो. गेल्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत या रोगाने काकडीचे पीक जेरीस आणले होते. तेथील शासनाच्या बीजसंग्रहात भारतातून गेलेले काकडीचे एक वाण होते. त्यास नाव नव्हते, केवळ १९७०८७ हा क्रमांक होता. त्या वाणात या रोगाचा प्रतिकार करण्याची शक्ती आढळली. तिच्या आधारे साउथ कॅरोलिनातील क्लेम्सन येथे बार्न्स या संशोधकाने जी वाणे तयार केली, त्यांत १९६६ मधील पॉइन्सेट हे एक होते. या एका भारतीय वाणाच्या जोरावर अमेरिकेतील काकडी सुमारे चाळीस वर्षे केवड्यापासून बचावली. २००४ मध्ये रोगाचे नवे रूप आले तेव्हा कोठे ती तटबंदी ढासळली. पुढे पॉइन्सेटचे बी भारतातही आले आणि येथील शेतकऱ्यांनी ते पाकिटातून विकत घेतले. ज्या अनाम शेतकऱ्याच्या घरचे बी त्या क्रमांकाच्या डबीत गेले होते, त्याच्या नातवंडांनीही ते विकत घेतले असेल.

मराठवाड्यातील रानांतून घरचे वाळूक कसे गेले, हे समजण्यास फार संशोधन नको. पूर्वी बाजरी, तूर, कपाशी पेरताना मुठीत थोडे काकडी-वाळकाचे, थोडे शेंदाडाचे बी मिसळीत. वेल जमिनीवर पसरे, निंदणीला आलेल्या बायाबापड्या दुपारी तीच फळे भाकरीबरोबर खात, आणि सुगीपर्यंत एखादे फळ पानाआड पिकून जाई. पुढील वर्षाचे बी तेच. २००२ नंतर बोंडअळीस दाद न देणारी संकरित कपाशी सर्वत्र आली. तिच्यामागोमाग फवारे वाढले, निंदणाऐवजी तणनाशक आले. तणनाशकास तण आणि वाळकाचा वेल यांतील फरक कळत नाही. आणि जो वेल वाचला त्याचे फळ औषध फवारलेल्या रानातले म्हणून कोणी खाईना. १९७२ च्या दुष्काळासारखे प्रसंग त्याआधी येऊन गेलेच होते. ज्या घरात धान्य उरले नाही तेथे बियाणे तरी किती उरणार? वाळूजसारख्या गावी तर जमीनच गेली. यात दोष कोणा एकाचा नाही. कारखान्यात मिळणारा पगार वाळकाच्या वेलाने कधीच मिळाला नसता, हे उघड आहे. परंतु पगार घेतल्याने बी गमावलेच पाहिजे असेही नाही; दहा वेलींस लागणारी जागा शाळेच्या कुंपणाशी सहज निघते.

येथे बाजारच्या बियांविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. संकरित बी वाईट असते, असे शिक्षकाने शिकवू नये. ते पुष्कळ उत्पन्न देते आणि ज्यास काकडी विकून संसार चालवावयाचा आहे त्याने ते अवश्य घ्यावे. अडचण एवढीच की त्याच्या फळांतले बी पुन्हा लावले तर पहिल्यासारखी फळे येत नाहीत. कोणी लांब, कोणी आखूड, कोणी फिकट, कोणी हिरवे असे निघते. मेंडेलने वाटाण्यावर केलेले व १८६६ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग वरच्या वर्गातील मुलांस पुस्तकातून सांगण्यापेक्षा ही सरमिसळ परसबागेत दाखविली तर अधिक लवकर समजते. शेडनेटमधील पुष्कळशा काकड्यांत तर बीच धरत नाही. घरच्या वाणाचे तसे नसते. ते पिढ्यानपिढ्या सारखे उतरत आलेले असते, आणि धरणाऱ्याने काळजी घेतली तर पुढेही सारखेच उतरते. कायदाही येथे शेतकऱ्याच्या बाजूचा आहे. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यास आपल्या शेतातील बी राखून ठेवण्याचा, पुन्हा पेरण्याचा, दुसऱ्यास देण्याचा व विकण्याचा हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचे बी मात्र त्याने छापील नावाच्या पाकिटात घालून विकू नये, एवढीच अट आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळावयाचे.

काकडीच्या वेलावर नर व मादी फुले वेगवेगळी असतात. आधी नर फुले झुबक्यांनी येतात. ती गळताना पाहून मुले निराश होतात. मादी फूल काही दिवसांनी येते आणि त्याच्या मागे इवलीशी काकडी आधीच असते. पराग पोहोचला तर ती वाढते, न पोहोचला तर पिवळी पडून गळते. गावात दुसरी कोणतीही काकडी लावलेली नसेल तर हे काम मधमाशीवर सोपवून निश्चिंत राहता येते. पण दुसऱ्या काकडीचा मळा निदान अर्धा किलोमीटर, शक्य तर एक किलोमीटर दूर हवा, आणि वाळूजसारख्या दाट वस्तीत कोणाच्या गच्चीवर काय लावलेले आहे हे कोण सांगणार? तेव्हा परागीकरण हातानेच करावे.

हे काम मराठवाड्यास अपरिचित नाही. शेजारच्या जालना जिल्ह्यात बियाण्यांचा मोठा व्यवसाय आहे. बद्रिनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही कंपनी तेथेच स्थापन केली. त्या भागातील सीड प्लॉटवर हजारो स्त्रिया हंगामात ‘क्रॉसिंग’ला जातात. एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलास लावण्याची कला त्यांच्या बोटांत आहे. वर्गातील एखाद्या मुलाची आई किंवा मावशी क्रॉसिंगला जात असेल तर शिक्षकाने तिला शाळेत बोलावून मुलांपुढे ते करून दाखविण्यास सांगावे. पुस्तकातील आकृतीपेक्षा ते शतपट बरे, आणि आपल्या आईला शिकविण्यासाठी शाळेत बोलावले हे त्या मुलासही आयुष्यभर लक्षात राहील.

रीत अशी: दुसऱ्या दिवशी उमलणारी फुले आदल्या संध्याकाळी ओळखू येतात, कारण कळीचे टोक पिवळे होऊन फुगलेले असते. अशी एक मादी कळी व दोन-तीन नर कळ्या निवडून त्यांची टोके दोऱ्याने हलकेच बांधावीत, म्हणजे माशी आत शिरणार नाही. नर कळ्या त्याच वाणाच्या परंतु दुसऱ्या वेलीवरच्या असाव्यात. सकाळी लवकर, ऊन चढण्यापूर्वी, नर फूल खुडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि आतील परागकोश मादी फुलाच्या मधल्या तीन दलांच्या गाठीवर हळुवार घासावा. नंतर मादी फुलाच्या पाकळ्या पुन्हा बांधून टाकाव्यात व देठास रंगीत चिंधी बांधावी. चिंधी विसरली तर सगळे श्रम फुकट. वेलीवर दहा काकड्या लोंबू लागल्यावर कोणती आपली हे ब्रह्मदेवासही सांगता येणार नाही.

वेल किती असावेत, याचाही विचार हवा. एकाच वेलाचे, एकाच फळाचे बी वर्षानुवर्षे धरीत गेल्यास वाण अरुंद होत जाते. आठ-दहा वेल तरी असावेत आणि त्यांतील पाच-सहा निरोगी वेलींवर प्रत्येकी एक फळ बियाण्यास ठेवावे. ज्या वेलाचे फळ कडू निघाले त्याचे बी धरू नये. काकडी कडू होण्यास पाण्याचा ताण हेही कारण असते. परंतु सर्वांस सारखे पाणी मिळूनही एकच वेल कडू राहिला तर तो दोष रक्तातला समजावा. देठाकडची चकती चाखली की कळते, कारण कडूपणा तेथेच जास्त साठतो.

येथे खरी कसोटी येते. बियाण्यास ठेवावयाचे फळ उत्तम असावे लागते आणि उत्तम फळ सर्वांनाच खावेसे वाटते. शिवाय वेलीवर फळ पिकू दिले की तो वेल नवी फळे धरण्यात हात आखडता घेतो. म्हणजे बी धरणाऱ्या घराने दर वर्षी आपल्या तोंडचा घास थोडा कमी केलेला असतो. जुन्या स्त्रियांनी हे गरिबीतही केले, ही गोष्ट मुलांना सांगितली पाहिजे. शाळेच्या परसबागेत तर चिंधीचे फळ चोरीस जाण्याचे भय उंदरापेक्षा दुपारच्या सुटीचे अधिक असते.

फळ खाण्याजोगे झाल्यानंतरही ते वेलीवरच राहू द्यावे. पराग लावल्यापासून पाच-सहा आठवड्यांत ते पिवळे किंवा तांबूस तपकिरी होते, सालीवर जाळी पडते. फळमाशीपासून रक्षणासाठी त्यास कागदी किंवा कापडी पिशवी घालावी. तोडल्यावर लगेच कापू नये. सावलीत आठ-दहा दिवस ठेवल्याने आतील बी आणखी भरते. मग उभे चिरून गरासह बी मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात काढावे. गर काढून उरलेली फोड कुजलेली नसेल तर किसून धपाट्यात घालता येते. म्हणजे गेलेला घास थोडा परत येतो.

काकडीच्या बीभोवती एक बुळबुळीत आवरण असते. ते असेपर्यंत बी नीट वाळत नाही. त्यासाठी गर भांड्यात एक ते तीन दिवस आंबू द्यावा आणि दिवसातून दोनदा काडीने ढवळावे. वास येईल, भांडे वर्गाबाहेर ठेवणे श्रेयस्कर. आवरण सुटले की भरपूर पाणी ओतावे. भरलेले बी तळाशी बसते, पोचट बी व गर वर तरंगतो. तरंगते ते ओतून टाकावे, असे दोन-तीनदा करावे. एका फळात शंभराहून अधिक, पुष्कळदा दोनशे-तीनशे बिया निघतात. कच्च्या फळात मात्र वरवर तितक्याच दिसल्या तरी बहुतेक पोचट असतात. धुतलेले बी ताटावर किंवा कापडावर पातळ पसरून वाऱ्याशी, सावलीत वाळवावे. कागदावर पसरल्यास ते चिकटून बसते. वाळलेले बी वाकविले असता कट्‌कन मोडते. नुसते वाकले तर अजून ओल आहे असे समजावे.

साठवणीच्या जुन्या रीतींत शहाणपण आहे. पुष्कळ घरी वेलभाज्यांचे बी राखेत घोळून मडक्यात ठेवीत. काही ठिकाणी शेणात कालवून भिंतीस थापून देत आणि पावसाळ्याच्या तोंडाशी ती थापटी फोडून बी काढीत. राख ओल शोषते आणि किडीस अडवते. चुलीजवळची भिंत कोरडी राहते. आता चूल गेली, भिंत विटांची झाली, म्हणून घट्ट झाकणाची काचेची बाटली घ्यावी, तळाशी थोडी कोरडी राख घालावी आणि ती घरातील सर्वांत थंड व अंधाऱ्या जागी ठेवावी. नीट वाळलेले काकडीचे बी चार-पाच वर्षे उगवणक्षम राहते. म्हणून दर वर्षी लावलेच पाहिजे असे नाही. तीन वर्षांतून एकदा लावून नवे केले तरी वाण जिवंत राहते.

या विषयात महाराष्ट्रास ज्यांचे नाव आज ठाऊक आहे त्या राहीबाई पोपेरे अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या. त्यांनी शाळेत पाऊल टाकले नव्हते. वाल, भात, भाज्या यांची गावठी बियाणी त्यांनी घरोघर हिंडून जमविली, लावली, इतर स्त्रियांस दिली. बायफ या संस्थेचे त्यांना साहाय्य झाले आणि गावात बियाण्यांची बँक उभी राहिली. लोकांनी त्यांना बीजमाता म्हटले. २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या सन्मानाची बातमी मुलांना सांगितली जाते, ते ठीकच आहे. परंतु अक्षरांवाचून एखादी बाई कोणते बी कोणत्या घरातून आले, ते केव्हा लावावे आणि त्याची चव कशी, हे स्मरणात ठेवीत होती, ही गोष्ट शिक्षकाने विचारात घेण्यासारखी आहे. ज्यांना अक्षरे येतात त्यांच्या घरी ते स्मरण टिकले नाही.

वाळूजच्या शाळांत ही उणीव भरून काढण्याची एक सोय आहे, ती इतर गावी नाही. कामासाठी आलेल्या कुटुंबांची मुले येथे कितीतरी जिल्ह्यांतून आणि परप्रांतांतूनही येतात. सुट्टीत ती आपापल्या आजोळी जातात. प्रत्येकाने आजीस एवढेच विचारावे की तुझ्याकडे घरचे काकडीचे, वाळकाचे बी आहे काय, आणि असल्यास दहा बिया द्याव्यात. बीड, परभणी, बुलढाण्याच्या रानांतील वाणे अशा रीतीने एका वर्गात जमतील. बऱ्याच आज्या नाही म्हणतील. त्यांच्याकडे पूर्वी कोणते होते, फळ कसे दिसे आणि ते का गेले, हेही लिहून आणावे; ती नोंदही तितक्याच मोलाची. एका वर्षी मात्र एकच वाण लावावे, अथवा हाताने परागीकरण करण्याची तयारी ठेवावी. काही वेगळे, दुर्मिळ वाण हाती लागले तर राष्ट्रीय वनस्पती जनुकसंपत्ती ब्युरोचे प्रादेशिक केंद्र अकोला येथे आहे आणि परभणीस कृषी विद्यापीठ आहे, तेथे कळवावे.

पेरणीची वेळ चुकवू नये. जून महिन्यात शाळा उघडली की पहिल्या चांगल्या पावसानंतर, जूनअखेरपर्यंत बी टोकावे. साधारण चाळीस दिवसांनी फुले येतात, ऑगस्टच्या मध्यापर्यंत चिंध्या बांधून होतात आणि सप्टेंबरअखेर फळे पिकतात. ऋषिपंचमीस, बैलाच्या कष्टाचे काही न खाण्याच्या दिवशी, परसातली काकडी लागते; त्या सुमारास खाण्याची फळे घरी द्यावीत आणि चिंधीची राखावीत. जुलैअखेर पेरणी झाली तर बियाण्याची फळे नेमकी दिवाळीच्या सुट्टीत पिकतात, शाळेस कुलूप असते आणि सगळा हंगाम वाया जातो.

बी बाटलीत भरताना चिठ्ठी आत व एक बाहेर असावी. तिच्यावर देणाऱ्या घराने सांगितलेले नाव जसेच्या तसे लिहावे, ते शुद्ध करू नये. गाव, तालुका, बी धरल्याचे वर्ष, किती वेलींचे बी आहे, फळाचा रंग आणि खाणाऱ्यांचा अभिप्राय एवढे पुरे. जमलेल्या बियांतील अर्धा वाटा ज्या घरातून ते आले त्या घरी त्याच मुलाच्या हाती परत पाठवावा, कारण शाळेची बाटली फुटली, शिक्षकाची बदली झाली किंवा उंदराने झाकण कुरतडले तर मागावयास तेच एक दार उरते.